अक्कांचे प्रश्न आणि कुकरमधले फोन

दहा-बारा माणसं नऊ वर्षं नियमाने भेटत राहिली की किस्से साठतातच. लिहून ठेवू म्हणतो आणि राहून जातं. मग एखादा नवा मुलगा पुण्याहून येतो, त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि सांगता सांगता कळतं की आपणही आता जुने झालो.

आमचं ठिकाण म्हणजे इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनमधलं दातारकाकांचं घर. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चारला तिथे क्विझ. काका मूळ मिरजेचे, इथल्या केमिकल कारखान्यातून रिटायर झालेले केमिस्ट. प्रश्न मात्र त्यांचे नसत. मिरजेला त्यांची मोठी बहीण होती, अक्का. दर गुरुवारी काका फोन लावायचे, अक्का प्रश्न सांगायच्या आणि काका ते कार्डांवर उतरवून बुटांच्या खोक्यात ठेवायचे. इतिहास, जाहिराती, सिनेमा, घरगुती युक्त्या, सगळ्याची भेळ!

गुण लिहायच्या रेनाटेकाकू, काकांची जर्मन बायको. आमच्यात बसायच्या, पण मराठीत कधी बोलायच्या नाहीत. गुण लिहिणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

*

पहिला नियम म्हणजे आत आल्या आल्या फोन कुकरमध्ये. पाच लिटरचा कुकर, वर घट्ट झाकण. कोणी टेबलाखाली शोधाशोध करायची सोयच नाही.

एकदा प्रश्न होता, कपड्यांना नीळ देताना पाण्यात चिमूटभर काय घालायचं? सगळे डोकं खाजवत असताना कुकर वाजायला लागला. माझ्या नवऱ्याच्या, अमेयच्या आईंचा नाशिकहून व्हिडिओ कॉल होता. क्विझ चालू आहे म्हटल्यावर त्यांनी आधी प्रश्न विचारून घेतला आणि लगेच म्हणाल्या, "मीठ घालायचं रे, डाग पडत नाहीत."

काकूंनी मान हलवली. फोनवरचं उत्तर चालणार नाही. पडद्यावरून सासूबाईंनी ते बघितलं.

"त्यांना सांग, मी फोन नाहीये. मी तुझी आई आहे."

कोणी भाषांतर करायच्या आतच काकूंनी अर्धा गुण लिहून टाकला. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

*

जाहिरातींची फेरी म्हणजे गोंधळ. काका देश सोडून आले तेव्हाच्या रेडिओवरच त्यांच्या जाहिराती थांबलेल्या. ते नुसती चाल गुणगुणायचे, आम्ही माल ओळखायचा. चाळिशीच्या पुढचे ओळखायचे आणि ओळखलं की थांबायचे नाहीत, पूर्ण म्हणायचे.

रविवार म्हणजे इथे रूहेट्साइट, शांततेची वेळ. एकदा सात-आठ जण एका सुरात गात असताना खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वर आल्या. तक्रार करायलाच आल्या होत्या, पण दारात उभ्या राहून त्यांनी ऐकलं आणि विचारलं की ही तुमच्या धर्मातली प्रार्थना का? काका न अडखळता जर्मनमध्ये म्हणाले, "जा, गेनाऊ." म्हणजे हो, अगदी बरोबर. आजीबाईंनी हात जोडले आणि हळूच दार ओढून घेतलं.

ती उवांच्या औषधाची जाहिरात होती!

*

घरगुती युक्त्यांमध्ये एकदा आलं, हळदीचा डाग कसा घालवायचा? हे मला पाठ होतं. धुऊन कडक उन्हात वाळत घालायचं. गुण मिळाला. पण महिना होता नोव्हेंबर. अमेयने विचारलं की ऊन कुठून आणायचं?

काकांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, अक्कांनी त्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

माझा वरणाचा डाग पडलेला टेबलक्लॉथ मी मार्चपर्यंत तसाच ठेवला. मार्चमध्ये एका दुपारी बाल्कनीत ऊन आलं, संध्याकाळपर्यंत डाग गेला. मला आनंद व्हायला हवा होता. मी आमच्या गच्चीची आठवण काढून रडत बसले.

*

मुलांच्या फेरीत प्रश्न होता, तानाजी कोणत्या गडासाठी लढले? आमची सई आठ वर्षांची. मराठी समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने हात वर केला, "कोंढाणा" म्हणाली आणि पुढे जर्मनमध्ये विचारलं की तिथे बस जाते का?

झालं! एकाने स्वारगेटपासून बस सांगितली, दुसऱ्याने ती कुठे बदलायची ते सांगितलं, मग चढ, वरचं पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. कोणाचा स्टॉप बरोबर यावरून भांडण लागलं. सगळे एकदम बोलत होते आणि एकही जण पाच-सहा वर्षांत तिकडे गेलेला नव्हता. काकूंनी गुणांच्या कागदावर "पाउझं", म्हणजे मध्यंतर, असं लिहिलं आणि चहा ठेवायला गेल्या.

*

यंदा जानेवारीत अक्का गेल्या. तीन महिने क्विझ झाली नाही. एप्रिलमध्ये काकांचा मेसेज आला, या.

आम्ही गेलो. फोन कुकरमध्ये गेले. खोक्यात एकच कार्ड होतं.

काका म्हणाले, "घरात तांदळाला पोरकिडे झाले. अक्काला विचारावं म्हणून फोन हातात घेतला, मग आठवलं. आमच्या आईच्या तांदळाच्या डब्यात कसला तरी पाला असायचा. वास आठवतो, नाव नाही. मी स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जायचो. उत्तर माझ्याकडे नाही. कोणालाच आलं नाही तर क्विझ इथेच थांबवू."

जन्मभर केमिस्ट्री केलेला माणूस हे विचारत होता.

कडुलिंब, कोणीतरी म्हणालं. काकांनी मान हलवली, वास वेगळा होता. एकाच्या आईच्या डब्यात लवंगा असायच्या, एकाच्या सुक्या मिरच्या. माझी आई एरंडेल चोळायची. सासूबाई बोरिक पावडर घालतात, अमेय म्हणाला. प्रत्येकाचं आपापल्या आईचं सांगून झालं. काका हसले आणि त्यांनी खोक्याचं झाकण लावायला घेतलं.

"निरगुडी," रेनाटेकाकू म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. काकू सावकाश, एकेक शब्द उचलून मराठीत बोलत होत्या.

"निरगुडी. पाला सावलीत वाळवायचा. उन्हात नाही."

काकांच्या हातात झाकण तसंच राहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"आईंनी. लग्नानंतर पहिल्यांदा मिरजेला गेलो तेव्हा. तुझ्याशी त्या बोलत नव्हत्या. माझ्याशी रोज बोलायच्या."

काकूंनी गुणांचा कागद पुढे ओढला. आमच्या नावांच्या शेजारी पट्टी ठेवून त्यांनी एक नवा रकाना आखला, वर "आई" लिहिलं आणि खाली पूर्ण एक गुण दिला.