पाच घरांचा होकार

डॅलसच्या विमानतळातून बाहेर पडल्यावर सर्वांत आधी जाणवलं ते आकाश. जमीन आमच्या श्रीरामपूरलाही सपाटच आहे, पण तिथे नजर कुठेतरी उसाच्या फडाला किंवा कारखान्याच्या धुराड्याला अडते. इथे ती अडतच नव्हती. रुंद रस्ते, त्यांच्यावरून चढत गेलेले आणखी रस्ते, आणि पायी चालणारं माणूस एकही नाही. माझ्या बॅगेत आठ पांढरे शर्ट होते, दोन काळ्या पँट होत्या आणि बाबांनी बांधून दिलेले टोस्ट होते. बाबा बेकरीत भट्टीवर काम करतात. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. बी.कॉम. झाल्यावर मी बँकेच्या परीक्षांना बसेन, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी दोन वर्षांच्या धर्मसेवेसाठी टेक्सासला आलो होतो.

पुण्यात शिकत असताना मी मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेलो. या पंथातली तरुण मुलं आयुष्यातली दोन वर्षं देतात. पाठवतील त्या गावी जायचं, सकाळी साडेसहाला उठायचं, दारोदार फिरून आपल्या श्रद्धेविषयी बोलायचं. पगार नाही. चहा आणि कॉफी वर्ज्य. मला पाठवलं अर्विंगला, कारण तिथे भारतीय माणसं भरपूर, आणि त्यात मराठीही बरीच.

प्रत्येक सेवकाला एक जोडीदार देतात. माझा जोडीदार होता आयडाहो राज्यातल्या बटाट्याच्या शेतावरचा एकोणीस वर्षांचा हॅन्सन. आम्हाला सगळे 'एल्डर' (वडीलधारा) म्हणत. ओठांवर धड मिशीही न फुटलेल्या त्या पोराला पहिल्यांदा 'एल्डर हॅन्सन' म्हणताना मला हसू आलं. नियम असा की जोडीदारांनी एकमेकांच्या नजरेआड जायचं नाही. एका खोलीत झोपायचं, दुकानात बरोबर जायचं, घरी फोन करतानाही दुसरा त्याच खोलीत. पहिल्या संध्याकाळी त्याने बाबांचे टोस्ट दुधात बुडवून एकामागून एक सात खाल्ले आणि म्हणाला, "तुझे बाबा इथे आले तर माझी आई त्यांना परत जाऊ देणार नाही."

आम्ही सायकलने फिरायचो. तिसऱ्याच दिवशी माझं मागचं चाक बसलं. टायरमध्ये रुतलेला काटा काढला आणि बघतच राहिलो. सराटा! आमच्या बांधावर अनवाणी पायात घुसतो तोच. हॅन्सनला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तुम्ही आणलात काय हा इथे?" पंक्चर काढायला मी त्याला शिकवलं. शेतावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला सायकलची ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधणं नवीन होतं. संध्याकाळी दुकानांच्या पार्किंगमधल्या झाडांवर हजारो काळे पक्षी उतरायचे आणि इतका कल्ला करायचे की बोललेलं ऐकू येत नसे. आम्ही तिथेच कट्ट्यावर बसून सँडविच खायचो.

आठवडे सरत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं. अमेरिकन माणसं दारातूनच "नो, थँक्यू" म्हणायची. काही दारं उघडायचीच नाहीत. सोमवारी आम्हाला सुट्टी असे, कपडे धुवायचे आणि घरी पत्र लिहायचं. अशाच एका सोमवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता हॅन्सन म्हणाला, "माझ्या आजोबांनी हे केलं, वडिलांनी केलं, दोन्ही भावांनी केलं. मी का आलो, मलाच माहीत नाही. बदल्या होईपर्यंत थांबतो. तोवर एक माणूसही आलं नाही, तर आईला सांगणार की मी घरी येतोय."

दर सहा आठवड्यांनी बदल्या होत. त्या वेळी दोन आठवडे उरले होते. दोन वर्षं पुरी न करता परतलेल्या मुलाकडे त्याच्या गावात लोक कसे बघतात, हे त्याने मला आधी सांगितलं होतं. त्या पोराने थांबावं असं मला मनापासून वाटत होतं.

पुढच्या शनिवारी आणि रविवारी आम्ही मराठी घरं गाठली. माझ्या शर्टावरची नावाची पाटी वाचून लोकांचे चेहरे खुलायचे. "साळवे? अरे वा! कुठले तुम्ही?" एका दारात सात-आठ वर्षांची मुलगी आली आणि आत बघून ओरडली, "मॉम, देअर आर टू गाइज विथ टाइज!" तिची आई, मूळच्या नागपूरच्या काकू, पदर नसलेल्या टी-शर्टला हात पुसत बाहेर आल्या. "अगं, टाइज काय, आपल्याकडचा मुलगा आहे. किती वाळलास रे उन्हात! आत ये."

मी त्यांना चर्चला यायचं आमंत्रण दिलं.

"ह्या संडेला थोडं हेक्टिक आहे," त्या म्हणाल्या. "पण नेक्स्ट संडेला येऊ ना आम्ही. नक्की!"

दुसऱ्या एका घरातल्या, मूळच्या पुण्याच्या काकांनीही तेच म्हटलं. "हो हो, का नाही. फॅमिलीला घेऊन येतो." असे पाच घरांतून पाच होकार मिळाले. हॅन्सन वहीत नावं लिहीत होता. माणसं मोजली तर सतरा झाली. सायकलवर बसताना त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझं हेल्मेट पुढे आलं. "एल्डर साळवे, तू चमत्कार आहेस!"

मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको. उन्हातान्हात दारी आलेल्या पोराला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. 'नक्की येतो' हा आपला निरोप देण्याचा एक मायाळू प्रकार आहे. मला हे त्याच वेळी कळलं होतं. पण हॅन्सनचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. वाटलं, निदान एक घर येईलही. मी गप्प राहिलो.

सोमवारी त्याने आईला लांबलचक पत्र लिहिलं. गुरुवारी आमच्या चर्चमधल्या सत्तरीच्या सिस्टर मिलर (तिथे सगळ्या बायकांना सिस्टर म्हणतात) पाहुण्यांच्या रविवारच्या जेवणाबद्दल मला विचारायला आल्या, "ते मांस खात नसतील ना? बटाटा चालेल? चीज?" मी सगळ्याची उत्तरं दिली. तेव्हाही खरं बोललो नाही.

रविवारी चर्चमधले तीन बाक राखून ठेवले होते. हॅन्सन इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. प्रार्थना सुरू झाली, येशूच्या आठवणीत पावाचे तुकडे आणि पाणी वाटून झालं, भाषणं झाली. गाडीचा आवाज आला की तो मान वळवायचा. तिन्ही बाक शेवटपर्यंत रिकामे राहिले. स्वयंपाकघरात सिस्टर मिलरनी मोठ्या भांड्यात आयुष्यात पहिल्यांदा केलेले छोले ठेवले होते. त्यांनी नुसतं झाकण उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

"काहीतरी झालं असेल," हॅन्सन म्हणाला. "पाचही घरांना कसं जमलं नाही? फोन करू या."

"नको," मी म्हणालो. "ते येणारच नव्हते."

"म्हणजे?"

"आमच्याकडे 'नाही' हे असंच सांगतात, 'नक्की येतो' म्हणून."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्यांनी हो म्हटलं तेव्हापासून."

"मी आईला लिहिलं, साळवे. तिने एव्हाना सगळ्या गावाला सांगितलं असेल." त्याने 'एल्डर' म्हटलं नाही. "तू बाजूला बसून बघत होतास मला लिहिताना."

दुसरा कुणी असता तर उठून निघून गेला असता. आम्हाला तीही सोय नव्हती. एकाच टेबलावर आम्ही ते छोले खाल्ले. मग तो पुढे, मी मागे, असे सायकलने निघालो. मी मागे पडलो की तो थांबायचा, मागे न बघता, आणि माझ्या चाकाचा आवाज ऐकू आला की पुन्हा निघायचा.

खोलीवर आल्यावर मी म्हणालो, "पाचही घरी परत जाऊ या. मी त्यांना सरळ विचारतो. जे काय बोलतील ते शब्दाला शब्द तुला सांगतो."

"आता कशाला?"

"म्हणजे आईला सांगताना तुझ्याकडे खरं काहीतरी असेल."

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. पुण्याच्या काकांनी दार उघडलं आणि लगेच सुरू झाले, "अरे सॉरी यार, आज अचानक—"

"काका, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. मला अजिबात राग येणार नाही. फक्त याला कळायला हवं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही रे. आम्हाला त्यात इंटरेस्ट नाही. पण एवढ्या लांबून आलेल्या पोराला असं कसं बोलायचं?" मग हॅन्सनचा हात हातात घेऊन इंग्रजीत म्हणाले, "सॉरी, सन. द आन्सर इज नो." दोघांचेही खांदे सैल झाल्यासारखे मला दिसले.

नागपूरच्या काकूंनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "खरं सांगू का? आम्ही येणारच नव्हतो. तुला बघून माझा भाचा आठवला, म्हणून नाही म्हणवलं नाही." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "पण काय रे, हा गोरा बिचारा नवखा. तू श्रीरामपूरचा ना? तुला कळलं नाही?"

"कळलं होतं, काकू."

"मग याला का नाही सांगितलंस? आम्ही गोड बोललो ते परक्याशी. तू तर जोडीदाराला फसवलंस!"

हॅन्सन माझ्या तोंडाकडे बघत होता. शब्दाला शब्द सांगायचं कबूल केलं होतं. मी सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज फुटला, पण वगळलं नाही. काकूंना इंग्रजी कळत होतंच. त्या एकदम आत गेल्या आणि दोन पेले पन्हं घेऊन आल्या. "चहा नाही ना चालत? हे प्या. आणि तू रडू नको बाबा, मी काही तुला घालून पाडून नाही बोलले."

उरलेल्या तीन घरांतूनही नकारच मिळाला. शेवटच्या घराबाहेर हॅन्सनने कुंपणाला सायकल टेकवली. मग म्हणाला, "सहा आठवड्यांत मला आज पहिल्यांदा कुणीतरी नीट भेटलं असं वाटतंय."

त्या रात्रीच्या प्रार्थनेत मी माणसं मागितली नाहीत. आजवर मी देवाशीही थोडं गोडच बोलत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा, मी काय केलं आणि का केलं, ते जसंच्या तसं सांगितलं. उत्तर म्हणून काही ऐकू आलं नाही. पण मी एकटाच बोलत नाहीये, याची इतकी खात्री मला तोवर कधी वाटली नव्हती.

सोमवारी हॅन्सनने आईला फोन लावला. मी त्याच खोलीत मोज्यांच्या जोड्या लावत होतो. "कुणी आलं नाही, मॉम," तो म्हणाला. "पाचही घरांनी नाही म्हटलं." पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत होतं. "नाही, घरी येत नाहीये. साळवेने मला फसवलं, मग त्याच्याबद्दल लोक जे बोलले तेही त्याने स्वतः मला भाषांतर करून सांगितलं. असा माणूस ज्यावर विश्वास ठेवतो, ते मी आणखी सहा आठवडे बघणार आहे."

सहा आठवड्यांचे पुढे आणखी सहा झाले. माझी बदली दुसऱ्या गावी झाली. त्याने दोन वर्षं पुरी केली, हे मला त्याच्या पत्रातून कळलं.

माझीही दोन वर्षं संपली आणि मी श्रीरामपूरला परतलो. स्टँडवर अर्धी आळी आली होती. "कितीजणांना घेतलंस पंथात?" असं प्रत्येकाने विचारलं. खरा आकडा सांगितला की लोक विषय बदलायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. दार उघडून दोन शब्द खरं बोललेली माणसं मोजायला घेतली, तर माझ्याकडे पुष्कळ आहेत.

शनिवारी संध्याकाळी बाबा भट्टीवरून आले, हातपाय धुतले आणि माझ्याजवळ बसले. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या जुन्या चर्चचं. मी पंथ बदलल्यापासून, घरी असलो की शनिवारी ते एकच प्रश्न विचारायचे, आणि मी दर वेळी "बघू ना, बाबा" म्हणायचो.

"उद्या येशील ना आमच्याबरोबर?"

"नाही, बाबा," मी म्हणालो. "माझी सभा पुण्याला असते. मी तिकडे जाणार. दर रविवारी."

आई चुलीपाशी थांबली. बाबा खाली बघून नखांत अडकलेलं पीठ काढत राहिले. त्यांना लागलं होतं, आणि मी ते पुसायला घाईघाईने काही गोड बोललो नाही. मग त्यांनी मान वर केली.

"पहाटेची गाडी कितीला आहे?" त्यांनी विचारलं. "मी स्टँडवर सोडतो."