थांबणारी गोळी

काडतुसाचं नाव निघालं की काका आधी मान उंच करून लांब बघायचे. समोरचा बोलून दमला की विचारायचे, "जाईल ती लांब. पन थांबल कुटं?"

रायफलची आवड असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणती गोळी किती लांब जाते, वाऱ्याने किती सरकते, किती खाली येते, यावर ती दिवसभर बोलतात. काकाही बोलायचे. फरक इतकाच की बाकीचे सर्वांत लांब जाणारी गोळी शोधत होते आणि काका सर्वांत लवकर थांबणारी.

नावड्याला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची भाताची एक पट्टी उरली होती. बाकीची जमीन शहरात गेली. डोंगरातली रानडुकरं त्या पट्टीवर उतरायची, म्हणून काकांकडे परवान्याची जुनी रायफल होती आणि पीक नासणाऱ्या डुकराला मारायची वनखात्याची परवानगी. प्राणी-जंगल वाचवणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं वाटत मी तिथे पोचले. वर मोठ्या अक्षरात 'शिकार म्हणजे खून' असं होतं. मीच लिहिलं होतं आणि त्यातला शब्दही मागे घेणार नाही. काकांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. शेवटपर्यंत वाचणारं माणूस मी प्रथमच पाहत होते.

"बरोबर लिवलंस, बाय," ते म्हणाले. "डुकराला वाचता येत नाय. नायतर त्यालापन एक दिलं असतं, भात खानं ही चोरी हाय म्हनून."

पुढे मी भांडायला म्हणून जायचे आणि चहा पिऊन यायचे.

त्यांचा पुतण्या खांदेश्वरला राहायचा आणि मोबाइलवर परदेशी नेमबाजांचे व्हिडिओ बघायचा. रविवारी येऊन काकांना शहाणं करायचा.

"काका, सिक्स पॉइंट फाइव्हच्या काडतुसाचा जमाना आहे. बारीक, लांब गोळी. वारा तिला हलवत नाय. हजार मीटरवर एकदम टाइट."

"हजार मीटरवर आपली पोलीस चौकी हाय."

"अहो, समजा."

"काय समजू? डुक्कर हितं बांधावर हाय."

"मग थर्टी ऑट सिक्स तरी घ्या. तुमची थ्री-फिफ्टीन म्हणजे बैलगाडी. जरा लांब मारली की गोळी गुडघ्यावर येते."

"येऊं दे. वय झालं का सगलेच येतात."

पुतण्या गेल्यावर मला नीट समजावून सांगायचे. थर्टी ऑट सिक्सची गोळी वेगात, सपाट जाते. डुकराला भेटते आणि पुढे निघते. थ्री-फिफ्टीनची गोळी जड, संथ. मऊ टोकाची घेतली तर अंगात शिरल्यावर तेलातल्या भजीसारखी फुलते आणि बहुतेक तिथेच बसते. या 'बहुतेक'वर काका खूश नव्हते. म्हणून त्यांनी शेतात मचाण बांधलं होतं. वरून खाली मारली की चुकलेली गोळी चिखलात जाते. मग डुकरं पट्टीच्या पार टोकाला चरायला लागली. तिथवर गोळी जवळजवळ आडवीच जाणार. म्हणजे मागे काय आहे ते बघणं आलं.

मागे टॉवर होते. काकांना टॉवरची भीती नव्हती, लोकांना घरांचा ताबा मिळण्याची होती. संध्याकाळी मचाणावरून बघायचे आणि नव्या खिडकीत दिवा लागला की म्हणायचे, "गेली ही बाजू." अशा सगळ्या बाजू गेल्या. डोंगराकडचा, काम बंद पडलेला एक टॉवर तेवढा अंधारात राहिला. त्याच्याविरुद्धही आमचं पत्रक होतं.

त्या वर्षी भात पिकलं आणि डुकरं रोज यायला लागली. परवानगीची मुदत संपत आली होती. हे भात गेलं तर पुन्हा पेरायचं नाही, असं काकांनी काकूंना सांगून ठेवलं होतं. काका आता गोळी झाडणार हे मला कळलं तेव्हा मी भल्या पहाटे जाऊन टोकाच्या बांधावर बसले. माझ्यावरून गोळी झाडा म्हणावं.

काका मचाणावरून म्हणाले, "बाय, डुकराच्या मागं बसू नको. माज्या मागं बस. हितनंपन विरोध करता येतो."

मी वर चढले. उजाडता उजाडता एक दांडगा नर भातात शिरला, त्याच्यामागे बाकीची. काकांनी रायफल खांद्याला लावली. माझ्या घोषणा तयार होत्या. काकांनी नळीवरची नजर उचलून डुकराच्या मागे पाहिलं आणि रायफल खाली घेतली. अंधाऱ्या टॉवरच्या एका गॅलरीत टॉवेल वाळत होता.

"कोनतरी राहायला आलंय."

"वॉचमन असेल. नाहीतर एखादा कामगार. आत्ता झोपलेला असेल," मी म्हणाले. मी हे कोणाच्या बाजूने बोलत होते, देव जाणे.

"म्हंजे मानूसच ना?"

त्यांनी काडतूस काढून खिशात टाकलं. खाली डुकरं खात होती. त्यांचं होईपर्यंत आम्ही बघत बसलो.

"मन लावून खातंय," काका म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. पुढच्या पावसाळ्यात पट्टी पडीक राहिली. पुतण्याने ती विकायचा विषय काढला तर काका उठून आत गेले म्हणे. त्या थंडीत ते वारले.

मी काकूंना भेटायला गेले. निघताना त्यांनी एक कापडी पिशवी हातात दिली.

"त्या भातातला, डुकरांनी ठेवला तेवढा. तुज्यासाठी बाजूला काडून ठेवलेला त्यांनी. बोलले, डुकरांच्या वकिलीनबाईंची फी द्यायची राहिली."

घरी येऊन मी तो तांदूळ निवडला. जाडा होता, कणी बरीच होती, शिजायला वेळ लागला. सोबत काही केलं नव्हतं. नुसताच खाल्ला.