सिंथ घ्यायला मिरज, वाजवायला जत

माझ्या तोंडामुळं हा प्रवास झाला. धाकट्या बहिणीनं, रंजीनं, जतकडं घर बांधलं. फोनवर म्हणाली, "अक्का, घरभरणीला गाशील का गं? झेपंल न्हवं?" झेपंल न्हवं, या शब्दाचा मला राग आला. म्हटलं, "न झेपायला काय झालं? काळी चारातच गाते. माणसं बोलव." 

गाणाऱ्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. पेटीची जी पट्टी धरून माणूस गातो, ती त्याची पट्टी. माझी काळी चार. म्हणजे होती. गळ्यातली गाठ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आवाज थोडा खाली येईल. थोडा म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर मी चारचौघांत गायलेच नव्हते.

मालक फौजेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. पेन्शनीत आल्यापासून माझ्यामागं कीबोर्ड धरतात. सगळं गाव त्यांना फौजी म्हणतं, मीपण. आमच्या कीबोर्डात, फौजी त्याला सिंथेसायझर म्हणतात आणि मी सिंथ, उंदरानं संसार मांडला होता, तेव्हा नवा घ्यायला आधी मिरज, मग तसंच पुढं जत, असं ठरलं.

कोरेगावातून जाणार असाल तर रेल्वेनंच जा. थेट मिरज, आणि एसटीपेक्षा स्वस्त. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे हे खरं, पण साताऱ्याला उलटं जाऊन गाडी बदला, त्यात जीव जातो. भाकरी बांधून घ्या. कराडपर्यंत खिडकी मिळाली, पुढं एक आजी मांडीवरच बसायची बाकी राहिली.

"कुठं निगालीस गं?"

"मिरजेला. सिंथ घ्यायला."

तिनं माझ्या गळ्यावरचा व्रण बघितला. "दवा हाय का? रोज लावायचं का पोटात घ्यायचं?"

फौजी खिडकीकडं तोंड करून हसत होते. मला हसू आलं नाही.

मिरजेत सतारींची दुकानं सगळ्यांना ठाऊक आहेत. घेणार नसलात तरी आत जा, कोणी हाकलत नाही. भोपळ्याला रंग देताना बघत उभं राहिलं तर तास जातो. पण मला घाई. रफिकभाई फौजींच्या ओळखीतले, जुने बाजे दुरुस्त करून विकतात, नवेही ठेवतात. त्यांनी दोन मांडले.

"वहिनी, ह्यो नवा, डिजिटल. दोनशे आवाज, ढोलकीबी आतच. बटन दाबलं की काल जसा वाजला तसाच आज. आन् ह्यो जुना, ॲनालॉग. एका वक्ताला एकच सूर. आवाज असा ठेवायची सोय न्हाई, ही बटनं फिरवून रोज नव्यानं जमवायचा. आन् आधी गरम हुऊ द्यायचा. गरम झाल्याबिगार सूर धरत न्हाई."

"मग जुना घेतंय कोन?" मी म्हटलं.

फौजी कधीच त्याच्यापुढं बसले होते. एकच सूर म्हटल्यावर त्यांना क्लॅरिनेट आठवली असणार. वाजवला तेव्हा, खरं सांगते, दुकानातला सतार घासणारा हात थांबला. जाड, उबदार आवाज, कडेला किंचित हलणारा. नव्याचा आवाज त्यापुढं इस्त्री केलेला वाटला.

पण मला नवाच पाहिजे होता. फौजींना त्याच्यापुढं बसवलं आणि म्हटलं, काळी चार. दुसऱ्याच ओळीला गळा फाटला. रफिकभाई दारातली चप्पल सरळ करायला गेले. फौजींनी काही न विचारता खाली खाली आणलं. पांढरी दोन वर जायची, तिला चिकटलेली काळी एक खाली राहायची. मधे कुठंतरी मी लोंबकळत होते. मग ते जुन्याकडं वळले, सुराचं बटण केसभर फिरवलं, आणि तो सूर माझ्या गळ्याखाली उशी दिल्यासारखा आला.

"नव्यातबी हाय ही सोय," रफिकभाई म्हणाले, "पन स्क्रीनवर चार दारं उघडून आत जायाचं. तुमी जुना न्या जतला. वाजवा. परत येताना सांगा, ह्यो का त्यो."

मिरजेहून जतची एसटी दोन-अडीच तास. पाण्याची बाटली भरून घ्या. कवठेमहांकाळच्या पुढं ऊस मागं पडतो, ज्वारीची रानं आणि मेंढरं लागतात, रस्त्यावर टँकर. मागच्या सीटवरची माणसं कानडीत भांडत होती. मला कळत नव्हतं तरी वाटायचं, माझ्याच गळ्याबद्दल चाललंय.

रंजीकडं हुलग्याची उसळ, शेंगाची चटणी, गरम भाकरी. मांडवात हलगीवाले तम्माण्णा निखाऱ्यावर हलगी शेकत होते, कातडं ताणून घ्यायला. फौजींनी त्यांना कौतुकानं सांगितलं, "आमचा बाजाबी तसाच हाय. गरम झाल्याबिगार बोलत न्हाई," आणि हात धुवायला गेले. गरम होतो तो आतल्या विजेनं, हे सांगायचं राहिलं.

मी बाहेर आले तर सिंथ हलगीशेजारी निखाऱ्यापाशी, आणि तम्माण्णा त्याला टॉवेलानं वारा घालतायत.

"आवं, काय करताय!"

"शेकतुया की अक्का. एका बाजूनं झाला, आता पलटी मारतो."

कडेचं एक बटण वाकडं झालं होतं. फौजी धावत आले आणि बाजा निखाऱ्यापासून उचलला. माणसं तर सतरंजीवर येऊन बसलेली. चालू केला तर वाजला, पण कुठल्या कुठं चढलेला. मी गुणगुणले, त्यांनी बटण फिरवून माझ्या गळ्याखाली आणला. "म्हन आता," म्हणाले.

मी म्हटलं. पहिल्या गाण्यात मी खालीच बघत होते. दुसऱ्यात बायकांनी टाळी धरली. तिसऱ्यात मला भीतीचा विसर पडला. गळा कुठं अडला नाही. संपल्यावर रंजी गळ्यात पडली, "अक्का, आवाज हाय तसाच हाय की गं!" तम्माण्णा म्हणाले, "शेकला म्हनून वाजला."

सकाळच्या एसटीत रंजीनं पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं. पहिली ओळ ऐकली. मग पुढं सरकवून शेवटची. दोन वेगळ्या बायका गातायत असं वाटलं. शेवटची कितीतरी खाली.

फौजी खुश होते. "बाजा गार हुईल तसा उतरत गेला. तूबी उतरलीस. कुटं तुटलं का? कुनाला कळलं का?"

"आधी त्यो उतरला का मी?"

"आता ते कसं सांगनार?"

मिरजेपर्यंत भडंगाचा पुडा तसाच मांडीवर. त्यांना वाटत होतं, माझ्या गळ्याला सोबत मिळाली. मला वाटत होतं, असंच त्या बाज्याबरोबर खाली खाली जाईन, आणि एक दिवस आवाज संपलेला असेल तरी मांडवात सगळे म्हणतील, हाय तसाच हाय की.

रफिकभाईंनी वाकडं बटण बघितलं, कारण ऐकलं आणि खुर्चीत बसून हसले. "बटन मी बघतो. ह्यो का त्यो?"

फौजींचा हात जुन्यावर होता. मी म्हटलं, "त्यो. नवा."

त्यांनी हात काढून घेतला. रेल्वेत रहिमतपूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले, या वेळी हसत नव्हते. त्यांना जुनाच पाहिजे होता, आणि कानानं बघितलं तर त्यांचंच बरोबर आहे. तुम्ही घ्यायला जाणार असाल आणि गळा धडधाकट असेल, तर जुना घ्या. निखाऱ्यापासून लांब ठेवा.

आता नवा खाटेपाशी मांडलाय. त्याला माया नाही. सकाळी एकटीनं काळी एक दाबली की काल होती तिथंच असते, मी कुठं आहे ते मला तोंडावर सांगते. काही दिवशी तिथं पोचते, काही दिवशी खालीच राहते. डॉक्टर म्हणतात, आवाज कुठं स्थिरावतो ते कळायला सहा महिने थांबा. थांबणं मला कधी जमलं?

आज सकाळी फौजींनी विचारलं, "कुटली धरू?"

"काळी एक," म्हटलं. काळी चारशिवाय दुसरं नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलेलं, ते माझ्याकडं बघायला लागले. "बघताय काय? धरा की."

त्यांनी धरली. दोन ओळी गेल्या, तिसरीला खोकला आला.

"थांबूया का?"

"धरा परत."