रिकामा रकाना

माझी आत्या माणसं मोजायची. मेलेली. त्याचा तिला पगार मिळायचा आणि वर्षाला बारीकशी वाढही.

रस्त्यावर किती माणसं मेली, किती जायबंदी झाली आणि त्यातली किती दारूपायी, याचं एक पुस्तक दरवर्षी निघतं. ते कुणी वाचत नाही. फक्त एखादा मंत्री त्यातला एखादा आकडा भाषणात फेकतो आणि टाळ्या घेतो. तो आकडा आत्याच्या टेबलावर तयार व्हायचा. टेबल बरोबर पंख्याखाली होतं, त्यामुळे कागद उडू नयेत म्हणून तिने कान तुटलेले चहाचे कप त्यांच्यावर ठेवलेले असत. घरात तिला सगळे ‘बेरीज’ म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं. आमच्याकडे जेवायला बसताना ती सवयीने ताटं मोजायची आणि बाबा म्हणायचे, “बस गं बेरीज, आज सगळे जिवंत आहेत.” आईला हा विनोद कधीच आवडला नाही.

तिचं काम वरवर सोपं होतं. पोलीस ठाण्यांतून अपघाताचे फॉर्म यायचे. अपघातात सापडलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना: प्यायलेला होता का? होय किंवा नाही. मेलेल्याचं रक्त हमखास तपासलं जातं, कारण तो बिचारा नको म्हणू शकत नाही. जिवंत माणूस पळून जातो, नाहीतर छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात आडवा होतो. तो हाती लागेपर्यंत सगळी उतरलेली असते. मग हवालदार काय करतो? रकाना रिकामा सोडतो.

आत्या नोकरीत नवी होती तेव्हा या रिकाम्या रकान्यांवर ऑफिसचा कॉम्प्युटर अडून बसायचा. बेरीजच द्यायचा नाही. पुस्तक छापायला उशीर होत होता आणि साहेब सगळ्यांवर खेकसत होते. तेव्हा आत्याने तोड काढली. रकाना रिकामा असेल तर ‘नाही’ धरायचं. झालं! कॉम्प्युटर सुरळीत चालला, पुस्तक वेळेवर निघालं, साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. पुढे साहेब बदलले, कॉम्प्युटर बदलले, ती तोड तेवढी तशीच राहिली. आत्या ही गोष्ट आम्हाला रंगवून सांगायची आणि आम्हीही कौतुकाने ऐकायचो. रिकाम्या जागेत कोण बसलेलं असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एका संध्याकाळी त्यांच्यासोबत काम करणारा एक जण निवृत्त झाला, म्हणून सगळ्यांनी वर्कशॉपमध्येच एकेक ग्लास बिअर घेतली. बाबांना चव आवडत नसे. मित्राचं मन राखायला प्यायले आणि चालत घरी निघाले. चौकात पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडताना एका गाडीने त्यांना उडवलं. गाडी पुढे खांबावर आदळली. हाकणारा उतरला, झोकांड्या खात गल्लीत शिरला आणि दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून ठाण्यात हजर झाला. अंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वकिलाला घेऊन. आता रक्त घेऊन काय उपयोग, असं म्हणून त्याचं रक्त कुणी घेतलंच नाही.

बाबांचं घेतलं होतं.

आईला हे कळलं तेव्हा ती आत्याकडे गेली. मी सोबत होते.

“वन्सं, तो फॉर्म तुमच्याच टेबलावर येणार ना? तेवढं दारूचं काढून टाका.”

“वहिनी, दादाच्या रक्तात होती.”

“एक ग्लास!”

“एक असो नाहीतर दहा. रकान्यात ‘होय’च येतं.”

“आणि त्या गाडीवाल्या मेल्याच्या रकान्यात काय येतं?”

 “रिकामा आहे,” आत्या म्हणाली. पुढचं आम्हाला तोंडपाठ होतं. तिनेच तर इतक्यांदा सांगितलं होतं.

तिने ‘होय’ भरलं. सख्ख्या भावाच्या नावापुढे, स्वतःच्या हाताने. तेव्हापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. खरं बोलणाऱ्या माणसांचा मला एरवी राग येत नाही, पण तिचा आला. खोटं लिहून काही आभाळ कोसळणार नव्हतं.

खटला उभा राहिला. त्याच्या वकिलाचं म्हणणं, पादचारी पिऊन तर्र होता, तोच गाडीसमोर आला. आम्हाला एकच हवं होतं, बाबा दारू पिऊन मेले असं कुणी म्हणू नये. हाकणाऱ्याला पळताना पाहिलं होतं ते चौकातल्या चष्मेवाल्याने. तो कोर्टात म्हणाला, “अंधार पडत होता, मला नीट दिसलं नाही.” लोकांना नीट दिसावं यावर ज्याचं पोट, त्याने हे सांगावं!

मग वकिलाने आत्याला साक्षीला बोलावलं. ही बाई सख्ख्या भावासाठीही खोटं बोलणार नाही, हे त्याने बरोबर हेरलं होतं. साहेब म्हणाले, रजा टाका, आजारी पडा. ती गेली.

“पादचाऱ्याच्या रक्तात दारू होती?”

“होती.”

“किती ते पुस्तकात छापता?”

“नाही. फक्त होय की नाही.”

“माझ्या अशिलाचा रकाना?”

“रिकामा.”

“रिकामा रकाना तुमचं ऑफिस कशात धरतं?”

“‘नाही’मध्ये.”

“हा नियम कुणाचा?”

“माझा.” मग तिचा आवाज चढला. “पण रिकामा म्हणजे तपासलंच नाही! तो प्यायला नव्हता असा त्याचा अर्थ नाही!”

वकील गोड हसला. “मग बाई, इतकी वर्षं तुम्ही काय छापत होतात?”



गाडी हाकणारा सुटला. बाहेर पॅसेजमध्ये त्याने आत्यासमोर हात जोडले. “मॅडम, तुम्ही होतात म्हणून वाचलो,” म्हणाला. मनापासून म्हणाला, हेच जास्त झोंबलं. आत्या भिंतीला धरून उभी होती. आई तिच्याकडे न बघता जिना उतरून गेली. मी थांबले. का ते मला आजही सांगता येणार नाही, पण मी तिची पर्स उचलली आणि तिला रिक्षात बसवलं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. ‘तपासलं नाही’ असा वेगळा रकाना करा, म्हणाली. साहेबांनी कागदावर अंदाज घेतला आणि कपाळाला हात लावला. “अहो, अर्ध्याहून जास्त माणसं त्यातच जातील! मग आपण इतकी वर्षं मोजलं काय, असं लोक विचारतील.” पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. यंदाचं पुस्तक छापायला गेलं होतं.

त्या पुस्तकातून या वेळी मंत्र्यांनी वेगळाच आकडा उचलला. पिऊन चालणारे पादचारी वाढलेत म्हणे. शहरभर फलक लागले: बाटली हातात घेतलेला एक वाकडातिकडा माणूस, खाली ‘पिऊन रस्त्यावर उतरू नका’ आणि त्याखाली ठळक आकडा.

आत्याचं डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिला दवाखान्यात न्यायला आई आपणहून आली. नणंदेला दुसरं होतं कोण! बसस्टॉपवर आम्ही तिघी उभ्या होतो आणि समोरच तो फलक होता. आईने तो सावकाश वाचला.

“वन्सं, यात हे आहेत?”

आत्याने मान हलवली. “आहेत.”

“आणि तो? तो कुठल्या आकड्यात आहे?”

आत्याला खोटं कधी जमलंच नाही.

“मेलेल्यांत नाही, जायबंदींत नाही, प्यायलेल्यांत नाही. कुठल्याच नाही, वहिनी,” ती म्हणाली.