कुंकू लावलेली लेन्स

माझी अक्कल लातूरच्या भर चौकात कशी टांगली गेली, ते आज सांगूनच टाकते. दुसऱ्यानं मीठमिरची लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, न्हाई का?

भूकंपानंतर आम्ही गाव सोडून लातूरला आलो. पुढं इथं क्लासचं पेव फुटलं. पार बिलोलीपासून, हिमायतनगरपासून पोरं यायची. फॉर्मला फोटो लागायचा, म्हणून माझ्या सुनेनं, मंगलनं, क्लासच्या गल्लीतच फोटोचं दुकान टाकलं. चूल पेटायची, पण नाव काही व्हायचं न्हाई.

एक दिवस एका क्लासचे सर आले. पास झालेल्या सगळ्या पोरांचा एकच फोटो पाहिजे, चौकात मोठा बोर्ड लावायचा. म्हणाले, "एक जरी पोरगं कटलं, तर त्याचा बाप माझ्याकडं येईल आणि मी तुमच्याकडं. जमलं तर दरसालचं काम तुमचंच."

अडचण अशी, की क्लासचं अंगण हातरुमालाएवढं. मागं सरकावं तर भिंत. जवळून लई रुंद घेणारी लेन्स पाहिजे होती. नांदेडच्या ओळखीच्या दुकानदारानं दोन पाठवल्या. एक कॅमेऱ्याच्याच कंपनीची, दुसरी परक्या कंपनीची, स्वस्त. एक ठेवा, एक जशीच्या तशी परत करा, म्हणाला.

मंगल दोन दिवस घोळत बसली. "आत्या, दुसरीनंबी काम भागतंय म्हणतेत."

"कंपनीचीच घे. सोयरीक करताना घराणं बघतेत का न्हाई?"

ती रोल आणायला गेली. दोन्ही लेन्स टेबलावर. नावं होती वर, पण अक्षर म्हणजे मला मुंग्यांची रांग. म्हटलं, जन्मभर पितळेची भांडी घेतली, ती काय नाव वाचून? दोन हातांत दोन धरून तोलल्या. एक भरीव, तांब्यावानी. दुसरी फोलपटावानी हलकी. असली कोणती, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

आणि नवी वस्तू पुजल्याबिगर वापरायची? आमच्या घरात शिलाई मशीन, सायकल, कुणीच कोरडं राहिलेलं न्हाई. भरीव लेन्सचं झाकण काढलं, कपाळ शोधलं, आणि काचेच्या मधोमध ओल्या बोटानं हळद, वर कुंकू, वर दोन तांदूळ.

मंगल दारातच थिजली. "आत्या, हे काय केलं?"

"कंपनीची पुजली."

"कंपनीची ती हलकी हाय."

आता बघा. भूकंपात जड दगडी भिंती बसल्या आणि हलका पत्र्याचा गोठा उभा राहिला, हे ह्या डोळ्यांनी पाहिलेली मी बाई. तरी वजनावर भाळले.

नांदेडला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "ताई, कुंकू लावलेली परत कशी घेऊ? आता ती तुमच्याच घरची."

कंपनीची लेन्स नांदेडला गेली, परकी घरात राहिली. मंगलनं मऊ कपड्यानं फुंकून फुंकून काच पुसली, तरी कडेच्या खाचेतलं लाल निघेना. "पोरांची तोंडं लाल आली, तर सरांना तुमीच सांगा."

फोटोच्या दिवशी मीही गेले. पाप माझं, तर शिव्या खायला मी नको? पोरं पायऱ्यांवर, मंगल भिंतीला पाठ लावून. मी पार बाजूला, नळापाशी. हात जोडून, डोळे मिटून देवाला म्हणून राहिले होते, काच सांभाळ.

रोल धुऊन आला. मंगल एकटीच सरांकडं गेली, हसत परत आली. एकही पोरगं सुटलं न्हाई. तोंडं अशी लख्ख, की मिसरूड मोजावी. सर म्हणाले होते, "कंपनीची लेन्स दिसतीय." मंगलनं सांगितलं, "आमच्या आत्यांची निवड हाय." दरसालचं काम पक्कं.

मग काय विचारता? मी गल्लीभर सांगत सुटले, लेन्स घ्यायची तर आधी मला दाखवा.

आठ दिवसांनी चौकात गेले, तर सगळे मला बघून हसून राहिले. भाजीवाली म्हणाली, "मावशी, किती मार्क पडले?"

मान वर केली. शेवटच्या पोराच्या शेजारी, नळापाशी, पोराएवढीच मोठी मी. हात जोडलेले, डोळे मिटलेले. लेन्स रुंद म्हणजे एवढी रुंद, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. मंगलला घरी जाऊन धरलं, तर म्हणते, "सरच म्हणाले, आजीला राहू द्या. एवढ्या श्रद्धेनं हात जोडणारं माणूस दुसऱ्या कोणत्या क्लासकडं हाय?"

बोर्डावर वरच्या अंगाला मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. मला वाचता कुठं येतंय? भाजीवालीनंच वाचून दाखवलं: 'आमचे यशस्वी विद्यार्थी.'