मुन्शीजींचं नको

उस्मानपुऱ्यातल्या व्यंकटराव पेशकारांना जेवायला वाढणं हे मेहनतीचं काम होतं. जिलेबी समोर आली की त्यांचे दोन्ही हात ताटावर आडवे. "नको, नको, आता जागाच नाही." आग्रह झाला की एक हात निघे. पुन्हा आग्रह झाला की दुसरा. तिसऱ्या आग्रहाला ते मान तिरकी करून, सरकारी हुकूमच आल्यासारख्या चेहऱ्यानं, जिलेबी पानात पडू देत. एकदा एका लग्नात त्यांनी अशा नऊ जिलेब्या नाकारल्या होत्या, आणि नऊच्या नऊ खाल्ल्याही होत्या.

ही अदब त्यांनी कोर्टात कमावली होती. निजामाच्या अमलात त्यांनी पेशकार म्हणून न्यायाधीशापुढे दाव्यांच्या मिसली ठेवल्या, पोलीस ॲक्शननंतरही त्याच टेबलापाशी उभं राहून ठेवल्या. उर्दूची मराठी झाली, हुजुरांचे साहेब झाले, पण व्यंकटरावांची मान पूर्वी जेवढी झुकायची तेवढीच झुकत राहिली. पेन्शन घेऊन घरी बसले तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. एवढी तहजीब अंगात मुरलेली, आणि दाखवायला समोर कुणी नाही. मुलगी सासरी गेलेली, आणि भानुमतीबाईंना घरातली कामं होती.

अशात उन्हाळ्यात दौलताबादचा कडूबा अंजिरांची पाटी घेऊन आला. पाटीच्या एका कोपऱ्यात राघूचं पिल्लू बसलं होतं, आंब्याच्या ढोलीतून पडलेलं.

"घ्या सायब, लई गुणाचं हाय," कडूबा म्हणाला.

व्यंकटराव दोनदा नको म्हणाले. कडूबाला माणसं कळत होती. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

पिल्लाचं नाव ठेवलं मुन्शी. व्यंकटराव त्याला मुन्शीजी म्हणत, आणि अहो-जाहो करत. "अहो मुन्शीजी, इकडे या, डाळ भिजलीय." भानुमतीबाई आतून हे ऐकत. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या वाट्याला अजून 'अगं'च होतं.

गुण मात्र कडूबाच्या घरीच राहिले असावेत. पंख भरले तसा मुन्शी चावायला लागला. पेरूची फोड दिली की फोड सोडून बोट धरी. पोस्टमनला चावला, दळण घेऊन आलेल्या दगडाबाईला चावला, आणि श्रावणात एका शुक्रवारी, हिरवी मिरची द्यायला गेलेल्या भानुमतीबाईंच्या करंगळीला असा काही लटकला की पुरण तसंच पाट्यावर राहिलं.

बाईंनी करंगळीला हळद दाबली आणि निकाल दिला. "दसऱ्यापर्यंत मुदत. तोवर सुधारला तर ठीक. दसऱ्याला कुणाला चावला, तर दुसऱ्या दिवशी कडूबाच्या पाटीत."

 बाई बोलल्या की ते होत असे, हे व्यंकटरावांना ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर या वयात त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेणारा जीव घरात तेवढा एकच होता. तो गेला तर ते कुणाशी बोलणार होते?

त्यांनी शिकवणी सुरू केली. आधी वर्तमानपत्राची सुरळी करून चोचीवर हळूच मारून पाहिली. मुन्शीनं अग्रलेख फाडला. पिंजऱ्यावर धोतर टाकून अंधारात बसवून पाहिलं. त्यानं धोतराला खिडकी पाडली. मग एका सकाळी पेशकारांना उमगलं की हा सगळा दोष हावरेपणाचा आहे. समोर आलं की झडप घालायची, ही रीतच झाली नाही. भल्या घरचा जीव आधी नको म्हणतो.

झालं. रोज सकाळी पेरूची फोड पुढे धरायची. "घ्या, मुन्शीजी." झडप आली की फोड मागे. मुन्शी गप्प बसला की व्यंकटराव त्याच्या वतीनं स्वतःच म्हणत, "नको." मग, "घ्या हो." पुन्हा स्वतःच, "नको." मग, "अहो, घ्याच." आणि फोड चोचीत. आतून भानुमतीबाईंना वाटे, एकटाच माणूस दोघांचं भांडण करतोय.

पण भाद्रपद सरता सरता मुन्शी खरंच "नको" म्हणाला. आधी घोगरं, मग अगदी पेशकारी थाटात, मान तिरकी करून. दोनदा नको, तिसऱ्यांदा हलकेच फोड उचलायची, बोटाला स्पर्शही नाही. चावणं पार थांबलं. गल्लीतले लोक पाहायला येऊ लागले. व्यंकटराव छाती फुगवून सांगत, "आम्ही मारलं नाही, रागावलो नाही. फक्त रीत शिकवली." भानुमतीबाईंनीही एकदा त्याला फोड देऊन पाहिली. बोट शाबूत परत आलं तेव्हा त्यांना हसू आवरेना.

मुन्शीसारखाच व्यंकटरावांचाही लग्नापासून एक नेम होता. रोज संध्याकाळी पाचला छत्री घेऊन ते पाणचक्कीपर्यंत फिरायला निघत. उंबऱ्याशी थांबून विचारत, "येतेस का?" आतून उत्तर येई, "नको." आणि ते निघत. परत आल्यावर हौदातले मासे केवढे झालेत ते हातानं दाखवत.

दसऱ्याला दुपारी पडेगावचे आप्पासाहेब सोनं द्यायला आले. पंधरा एकरांचा धनी, आणि सरळ रेषेत बोलणारा माणूस. पाच वर्षं बांधाच्या दाव्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना पेशकारांशी ओळख झाली ती टिकली. आपट्याची पानं हातात देऊन ते खुर्चीत बसले. शेजारच्या दांडीवर मुन्शी, आता पिंजऱ्याबाहेर. समोर पेरूच्या फोडींची बशी.

"ह्योच व्हय तुमचा शाना राघू?" आप्पासाहेबांनी फोड पुढे केली. "घे रे."

"नको," मुन्शी म्हणाला. मान तिरकी.

"नाय? बरं," म्हणत आप्पासाहेबांनी फोड स्वतःच खाल्ली.

मुन्शीनं मान दुसऱ्या बाजूला तिरकी करून पाहिलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. आप्पासाहेबांनी दुसरी फोड उचलली. "आता घेतो?"

"नको."

"नाय तर नाय. बळजबरी हाय का?" तीही गेली.

तिसरी फोड त्यांनी विचारलीच नाही. बोलता बोलता तोंडाकडे नेली. व्यंकटराव घाईनं उठले, पण मुन्शी आधी पोचला होता. तो दांडीवरून खुर्चीच्या हातावर उतरला, दोन पावलं शांतपणे चालला आणि आप्पासाहेबांच्या अंगठ्यात चोच रुतवली.

हळदीची वाटी घेऊन भानुमतीबाई बाहेर आल्या. अंगठा पाहिला, राघूला पाहिलं. "उद्या कडूबा यायचाय," एवढंच म्हणाल्या.

"त्येनं नाय म्हटलं, म्या आयकलं," आप्पासाहेब अंगठा पुढे करत म्हणाले. "माझं काय चुकलं, वहिनी?"

व्यंकटरावांनी जन्मात कुणाची वकिली केली नव्हती. ती आज केली. "चुकलं तुमचंच आहे, आप्पासाहेब. त्याच्या नकोचा अर्थ नको नव्हता. पुन्हा विचारायचं असतं. दोनदा, तीनदा. समोरचा वाट बघत असतो. एकदा विचारायचं आणि आपण मोकळं व्हायचं, ही काय माणुसकी झाली? असल्या माणसाला कुणीही चावेल."

हळद लावणारा हात थांबला. भानुमतीबाईंनी मान वर केली.

"बोला ना," त्या म्हणाल्या. "थांबलात का? एकदा विचारून मोकळा होणारा माणूस."

व्यंकटरावांना आधी कळलं नाही. मग भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली छत्री दिसली, आणि त्यांचे कान लाल झाले.

"एकतीस वर्षं," बाई म्हणाल्या. "रोज पाचला. मोजून एकदा."

आप्पासाहेबांनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. कुठला दावा चाललाय ते त्यांना समजेना. "म्हंजे वहिनी, राघू ऱ्हातो का जातो?"

"राहतो," बाई म्हणाल्या. "त्याला चार महिन्यांत जमलं, ते मला इतक्या वर्षांत जमलं नाही. त्याच्याकडून शिकून घेते."

मुन्शीनं खाली पडलेली फोड एव्हाना संपवली होती.

पाच वाजले. आप्पासाहेब गेले होते. व्यंकटरावांनी छत्री घेतली, उंबऱ्याशी थांबले. "येतेस का?"

"नको."

सवयीनं त्यांचं एक पाऊल बाहेर पडलंसुद्धा. ते त्यांनी परत आत घेतलं. "चल ना."

"नको हो. सगळी भांडी पडलीत."

दांडीवरून मुन्शी मान तिरकी करून बघत होता. व्यंकटरावांनी घसा साफ केला.  "अहो, भानुमतीबाई," ते म्हणाले, "चलाच."

त्या बाहेर आल्या. नवं लुगडं नेसलेलं होतं, आणि पायांत चपला आधीपासूनच होत्या.

पाणचक्कीच्या हौदाशी त्या बराच वेळ वाकून मासे बघत उभ्या होत्या. मग व्यंकटरावांकडे वळून म्हणाल्या, "एवढे काही मोठे नाहीत."