हँडलचे वळसे आणि माझी माळ

आमच्या ह्यांना गल्लीत ‘हँडलवाले’ म्हणतात. ह्यांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे आमच्या भाऊजींच्या, फोटोच्या दुकानात बारा वर्षं सरळ गेली. मग कुठेतरी हलती चित्रं पाहून आले, डोक्यात तेच बसलं आणि हँडलने फिरवायचा कॅमेरा घरात आला. कोठीची खिडकी काळ्या कापडाने बंद झाली, माझ्या बरण्यांत फिल्म धुण्याची औषधं आली. फिल्मच्या कडेची भोकंसुद्धा हे अंधारात बसून हाताने पाडतात.

आज शेवटचं रीळ होतं. नवीन यायला तीन महिने. भाऊजींनी ह्यांना बजावलं होतं, हे फुकट गेलं की कॅमेरा माळ्यावर आणि तू दुकानात. सकाळीच येऊन बसले, दुकानाच्या किल्ल्या मुठीत.

मेलेली आई लेकीला दिसते, असा प्रसंग. लेक आमचीच, सहा वर्षांची. आई म्हणजे शेजारचे शिंपी, पांढऱ्या वस्त्रात, मिशी उतरवून. म्हणाले, “वहिनी, एकदाच काय ते उरका. बायको घरात घेईना.”

आधी लेकीचं चित्र घ्यायचं, मग भिंग झाकून तेवढीच फिल्म मागे न्यायची आणि तिच्यावरच काळ्या पडद्यापुढे शिंपीबुवांना घ्यायचं. कॅमेऱ्याचा मोजणीचा काटा मोडलेला, म्हणून हँडलचे वळसे मी जपमाळेवर मोजायचे. एक पूर्ण माळ, वर चाळीस मणी. त्या चाळिसांतल्या विसाव्याला मी “हं” म्हणायचं, लेकीने मान वर करायची. पुढच्या खेपेला त्याच मण्याला शिंपीबुवांनी वाकायचं.

लेकीचं नीट झालं. ह्यांनी भिंग झाकलं, तोच मी त्यांचा हात धरला.

“अहो, थांबा. माळ संपली तेव्हा मी मोठा मणी डोळ्यांना लावला. सवयीने. तेवढ्यात तुमचे वळसे चालूच होते. ते मोजले नाहीत.”

“झालं,” भाऊजी म्हणाले. “देवानेच निकाल दिला.”

हे रागावले नाहीत. “किती वेळ लावलास?”

“रोज लावते तेवढाच.”

“मग मागे नेताना तसाच लाव. आणि पुढच्या खेपेलाही. कमी नाही, जास्त नाही.”

रोजचा नमस्कार मोजून करायचा म्हटलं तर तो रोजचा राहीना. मोठा मणी आला तेव्हा मी मोजणी सोडली, डोळे मिटले आणि खरोखरच नमस्कार केला. पुढच्या खेपेलाही तेच. मग विसावा मणी, “हं”, शिंपीबुवा वाकले.

दुपारी कोठीत लाल काचेच्या कंदिलापुढे फिल्म औषधात सोडली. भाऊजीही आत शिरले, दार लावून घेतलं. फिल्मवर सगळं उलटं उमटतं, पांढरं ते काळं. लेकीची मान वर झाली होती आणि तिच्या अगदी समोर एक काळी आकृती वाकलेली होती.

भाऊजींनी तो तुकडा कंदिलाजवळ धरून दोनदा पाहिला. किल्ल्या खिशात टाकल्या.

“दुकान मी बघतो,” म्हणाले. “ती माळ मात्र जपून ठेवा.”